एकाला हसू, दुसऱ्याला ‘मग पुढे काय?’

वाचक विचारतात

लहानपणी वाचलेल्या चित्रपट्ट्यांबद्दल, म्हणजे वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटींत येणाऱ्या कॉमिक स्ट्रिपबद्दल, या वेळी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पहिल्या प्रश्नासारखी पत्रं सर्वांत जास्त होती, म्हणून त्याचं उत्तर लांबलं आहे.

प्रश्न: माझं बालपण पुण्यात गेलं. रोज सकाळी पेपर आला की आधी ‘चिंटू’ वाचायचा, मग बाकीचं. आता इंदूरला असतो. मुलासाठी चिंटूचे संग्रह आणले. मुलगा दहा वर्षांचा. त्यानं एका दुपारी अख्खं पुस्तक संपवलं आणि विचारलं, ‘मग पुढे काय झालं?’ बायको ग्वाल्हेरची, मराठी घरातलीच. तिलाही हसू येत नाही. धाकटा भाऊ मात्र तीच पानं वाचून अजून हसतो. दोष चिंटूचा, वाचणाऱ्यांचा की माझ्या आठवणींचा?
एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर: आठवणींचा वाटा आहे, पण तो नंतरचा. आधी वाचायची रीत बघा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ 1991 साली ‘सकाळ’मध्ये सुरू झाला, तो दिवसाला एक या हिशेबानं. तुम्ही दोघा भावांनी तो तसाच वाचला. मुलाच्या हाती एका दुपारी पुस्तकभर पट्ट्या आल्या. लोणचं वाटीभर वाढलं तर कोणालाही नकोसं होतं, त्यात लोणच्याचा दोष नाही. सलग वाचताना शेवटच्या चौकटीत काहीतरी उलटणार हे विसाव्या पट्टीपर्यंत अंगवळणी पडतं. मग डोळा थेट शेवटाकडे धावतो, आधीच्या चौकटी नुसत्या ओलांडल्या जातात आणि उलटायला काही उरतच नाही.

पट्टी वाचकाकडून किती काम करून घेते तेही बघा. उदाहरणापुरती एक पट्टी धरू, कुठल्याही मालिकेतली नाही. पहिली चौकट: आई फळीवर लाडवांचा डबा ठेवते आणि मुलाला बजावते, ‘पाहुणे यायचेत, हात लावायचा नाही.’ दुसरी चौकट: रिकामं स्वयंपाकघर, फळीवर डबा, फळीखाली ओढून आणलेलं स्टूल. बोलण्याचा फुगा नाही, अक्षर नाही. तिसरी: पाहुणे बसलेत, डबा रिकामा, आईनं डोळे वटारलेत आणि मुलगा दाराआडून म्हणतो, ‘हात नाही लावला, चमच्यानं घेतले.’

लाडू खाल्ल्याचं चित्र कुठेच नाही. दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत ते वाचकानं स्वतः घडवायचं असतं. अमेरिकी चित्रकार स्कॉट मॅक्लाउड यांनी 1993 मध्ये कॉमिक्सच्या तंत्राबद्दल जे मांडलं त्यात या कोऱ्या जागेला मोठं स्थान आहे. हे झालं पहिलं काम. दुसरं, स्टूल दिसलं पाहिजे. ते कोपऱ्यात आहे, आणि फुग्यावरून फुग्यावर उडी मारणाऱ्याच्या नजरेतून ते हमखास सुटतं. तिसरं, आईनं सांगितलेला अर्थ आणि मुलानं लावलेला अर्थ, दोन्ही एकाच वेळी मनात धरावे लागतात. हे सगळं दोन-तीन सेकंदांत व्हायला हवं. यातलं एक जरी हुकलं तरी पट्टी कळते, पण हसू येत नाही, आणि वाचणाऱ्याला आपलं काय हुकलं हे सांगता येत नाही. तो ‘बरं आहे’ म्हणतो आणि पान उलटतो. तुमचा मुलगा पट्टीला गोष्टीचा तुकडा समजून वाचतोय. गोष्टीला ‘पुढे काय’ असतं, पट्टीला बहुतेक वेळा नसतं.

रोजच्या वाचनात आणखी एक साठा होतो, तो ओळखीचा. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या यांच्यापैकी कोण कशावर काय बोलेल याचा अंदाज जुन्या वाचकाला आधीच असतो, आणि निम्मी गंमत तो अंदाज खरा किंवा खोटा ठरण्यात असते. नुसती पुन्हा पुन्हा नजरेस पडलेली गोष्टही हळूहळू आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये दाखवलं होतं. पण सवयीनं काहीही आवडतं असं मात्र नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात विद्यार्थ्यांना सुमार चित्रं वारंवार दाखवली, तेव्हा पसंती वाढण्याऐवजी घटली. तेव्हा इतक्या वर्षांनी तुमचा भाऊ त्याच पानांवर हसत असेल, तर पट्टीत दम आहे असं धरायला हरकत नाही.

आता ग्वाल्हेर. मध्य प्रदेशातल्या मराठी घरांत बोलणं मराठीत असलं तरी मुलांच्या हाती यायची ती बहुधा हिंदी कॉमिक्स: लोटपोट, डायमंड कॉमिक्स, प्राण यांचे 1971 पासूनचे चाचा चौधरी. तिथे चार-सहा पानांत चोर येतो, पळतो, सापडतो. अंगविक्षेप मोठे, शेवट ठाम, कोऱ्या जागेवर सोडलेलं फार थोडं. त्या वाचनावर तयार झालेल्या डोळ्याला चिंटूत ‘काही घडतच नाही’ असं वाटणं साहजिक आहे. शिवाय चिंटूचं बोलणं पुण्याकडच्या मध्यमवर्गीय घरातलं आहे. त्या बोलण्याचा ठेका कानात नसेल, तर वाक्य कळतं पण त्याची कोपरखळी लागत नाही. आमच्या मते तुमच्या पत्नीच्या बाबतीत हेच मुख्य कारण असावं.

राहिल्या आठवणी. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांतल्या गोष्टी माणसाला पुढे आयुष्यभर जास्त ठसठशीत आठवतात. ते वजन तुमच्या वाचनात आहे, मुलाच्या वाचनात येणार नाही. म्हणून ‘आमच्या वेळी’ हे शब्द काढूच नका. त्यानं पट्टीची परीक्षा होते आणि मुलगा परीक्षार्थी.

करायचं ते एवढंच. पुस्तक कपाटात ठेवा. रोज एक पट्टी झेरॉक्स करून फ्रिजवर लावा, रोज ठरलेल्या वेळी, रात्री झोपण्यापूर्वी लावली तर उत्तम, म्हणजे सकाळी सापडते. समजली का, आवडली का, काहीही विचारू नका. पहिल्या आठवड्यात फक्त घरातल्या प्रसंगांच्या पट्ट्या निवडा. शाळेतल्या आणि मित्रांच्या दुसऱ्या आठवड्यापासून. तीन आठवड्यांत मुलगा चित्रातल्या एखाद्या वस्तूबद्दल आपणहून बोलला, तर डोळा तयार होऊ लागला समजा. नाही बोलला तर थांबवा आणि त्याला लांब गोष्टींची कॉमिक्स द्या. सगळ्यांना पट्टी आवडलीच पाहिजे असं नाही.

प्रश्न: मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात आठ ते बारा वयाची मुलं येतात. सगळी इंग्रजी माध्यमाची. हिंदी पटापट वाचतात, मराठीत अडखळतात. चित्रपट्ट्यांतून मराठी शिकवायचं ठरवलं, पण पट्टी वाचून झाली की वर्गात शांतता. काय चुकतंय?
एक शिक्षिका, सुदामानगर

उत्तर: वेग चुकतोय. शेवटच्या फुग्यातलं वाक्य आणि शेवटच्या चौकटीतला चेहरा एकाच क्षणी पोचले तरच विनोद फुटतो. मूल अक्षर लावत बसलं की चेहरा आधी कळतो, वाक्य दहा सेकंदांनी. तेव्हा वाचन आणि विनोद वेगळे करा.

एका तासाला दोनच पट्ट्या घ्या. छापील पट्टी 15 सेंटिमीटर रुंद असेल तर झेरॉक्सवाल्याला 180 टक्के मोठी करायला सांगा. 27 सेंटिमीटर होते आणि आडव्या ए-फोर कागदावर नीट बसते. दोन मुलांत एक प्रत पुरते. त्यापेक्षा जास्त मुलं एका कागदावर वाकली की कडेच्याला शेवटची चौकट आधी दिसते.

आधी फुग्यांवर पांढरे कागद चिकटवलेली प्रत द्या आणि दोन मिनिटं फक्त चित्र बघायला सांगा: कोण कुठे उभं आहे, कोणाचं तोंड कुठे, चौकटीगणिक काय बदललं. मग कठीण शब्द फळ्यावर, पाचाहून जास्त नकोत. जास्त लागत असतील तर ती पट्टी या वर्गासाठी नाही. त्यानंतर फुगे उघडा, पण शेवटची चौकट दुमडून मागे. तुम्ही स्वतः मोठ्यानं, पात्राच्या आवाजात वाचा. मुलांना विचारा, आता हा काय म्हणेल? उत्तरं मराठी-हिंदी मिसळून आली तरी अडवू नका. सगळी आली की घडी उघडा आणि शेवटचं वाक्य न थांबता एका दमात वाचा. हसू आलं तर इथेच येतं. विनोद समजावून सांगू नका. नाही फुटला तर पुढच्या पट्टीकडे जा.

तासाच्या शेवटी चौकटी कापून, उलटसुलट करून लावायला द्या. इथे एक गडबड नेहमी होते: मुलं फुग्यांच्या वाक्यांवरून क्रम लावतात आणि चित्र बघतच नाहीत. म्हणून एक संच बिनशब्दांचा ठेवा. एकाच चौकटीत दोन फुगे असतील तर डावीकडचा आणि वरचा आधी वाचायचा, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाका. ते सगळ्यांना माहीत असतं असं आपण उगाच धरतो.

भाषांतरित पट्ट्या या वर्गासाठी शक्यतो टाळा. इंग्रजी फुगा सगळ्या सारख्या उंचीच्या कॅपिटल अक्षरांच्या मापानं काढलेला असतो. देवनागरीला शिरोरेघेच्या वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार लागतात, त्यामुळे दोन ओळींमधलं अंतर वाढतं. फुगा तेवढाच राहिला की एक तर अक्षर बारीक होतं, नाही तर वाक्य छाटलं जातं, आणि छाटताना नेमका बोलण्यातला ठेका जातो. मूळ मराठीत लिहिलेल्या पट्टीत फुगा वाक्यासाठी काढलेला असतो. प्रती वर्गापुरत्याच ठेवा. पुस्तिका करून वाटायची असेल तर प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या.

प्रश्न: माझी तेरा वर्षांची मुलगी ‘कॅल्विन अँड हॉब्स’ची पारायणं करते. मला तो मुलगा उद्धट वाटतो आणि निम्म्या वेळा शेवट कळतच नाही. माझं वय झालं का?
एक आई, विजयनगर

उत्तर: वयाचा संबंध थोडा आहे. विनोदाच्या आवडीचा अभ्यास करणारे विलिबाल्ड रूख यांनी दोन प्रकार वेगळे केले: ज्यात विसंगती शेवटी सुटते तो, आणि ज्यात ती सुटतच नाही किंवा अर्धवट लोंबकळत राहते तो. वय वाढतं तशी पहिल्या प्रकाराची गोडी वाढताना दिसते. आपल्या लाडवांच्या पट्टीत शेवटी सगळं सुटतं. बिल वॉटरसन यांच्या ‘कॅल्विन अँड हॉब्स’ या मालिकेत मुद्दाम सुटत नाही. हॉब्स फक्त कॅल्विनसमोर जिवंत वाघ असतो, तिसरं माणूस आलं की कापडी खेळणं. खरा कोणता, याचा निकाल वॉटरसन यांनी शेवटपर्यंत दिला नाही. मालिका 18 नोव्हेंबर 1985 ते 31 डिसेंबर 1995 एवढीच चालली. तिची खेळणी आणि कपबशा विकायला त्यांनी ठाम नकार दिला, त्यामागे एक कारण हेही होतं: दुकानात खराखुरा कापडी वाघ मिळाला की तो प्रश्न मिटला.

उद्धटपणाबद्दल: कॅल्विन सहा वर्षांचा आहे आणि बोलतो मात्र प्रौढाच्या शब्दांत. ते विसरून सहा वर्षांच्या खऱ्या मुलाचं बोलणं म्हणून वाचलं की तो उद्धटच वाटणार. तुम्ही बाबांच्या बाजूनं वाचून बघा. मुलानं काही विचारलं की हे बाबा अत्यंत गंभीर चेहऱ्यानं थापा मारतात. जुने फोटो काळे-पांढरे का, तर तेव्हा जगच काळं-पांढरं होतं म्हणून. आईबाप झालेल्या वाचकासाठी या पट्ट्या सर्वांत जवळच्या आहेत. मुलीलाच त्या शोधून द्यायला सांगा.

प्रश्न: इंद्रजाल कॉमिक्समधल्या ‘वेताळ’वर आमची पिढी वाढली. खजुरी बाजारातून जुने अंक मिळवून नातवाला दिले. तो म्हणतो, ‘आजोबा, किती हळू!’ हळू कसा?
एक आजोबा, रामबाग

उत्तर: नातू बरोबर बोलतोय. ली फॉक यांचा फँटम, म्हणजेच तुमचा वेताळ, 17 फेब्रुवारी 1936 पासून वर्तमानपत्रात रोज पट्टीनं आला, पण चिंटूसारखा सुटा नाही, क्रमशः. त्यात पहिली चौकट काल काय झालं त्याची आठवण द्यायची, शेवटची उद्यापर्यंत ताणून धरायची. नवी घटना मधल्या जागेत. इंद्रजालनं मार्च 1964 पासून 1990 पर्यंत अशा कथा अंकाच्या रूपात एकत्र दिल्या. काही चौकटी कापल्या तरी ती आठवण करून देणारी घडण आतून जात नाही. सलग वाचणाऱ्याला तीच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी वाटते. तुम्हांला वाटली नाही, कारण पुढच्या अंकाची वाट बघण्यात मधले दिवस गेलेले असत आणि आहे तोच अंक तुम्ही चार-चारदा वाचत होता.

दुसरी अडचण वेगाची नाही, आणि ती लपवू नये. आफ्रिकेतल्या जमातींचा रक्षक पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा माणूस, हे आजच्या मुलाला खटकू शकतं. खटकलं तर त्यावर बोला, ‘तेव्हा असंच असायचं’ म्हणून मिटवू नका. त्याच इंद्रजालमध्ये 1976 पासून आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ येऊ लागला, भारतीय गावातला, डाकूंशी लढणारा. नातवाच्या हाती आधी तो द्या. एका बैठकीत अर्धा अंक, अडलेल्या प्रसंगावर थांबायचं, उरलेला दुसऱ्या दिवशी. ज्या थांब्यासाठी ती गोष्ट रचली होती तो थांबा परत घातला की वेग आपोआप जमतो.

प्रश्न: पेपरातली कात्रणं वहीत चिकटवली होती. पिवळी पडून तुटायला लागली आहेत. लॅमिनेशन करू का?
एक वाचक, महू

उत्तर: अजिबात नको. वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन हे द्रव्य राहिलेलं असतं. उजेड आणि हवा लागून ते पिवळं पडतं आणि कागदात आम्ल तयार होऊन धागे तुटतात. लॅमिनेशननं ते आम्ल आत कोंडतं, आणि उष्णतेनं चिकटवलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेपचंही तेच: टेप गळून पडते, तपकिरी डिंक कागदात राहतो.

आधी स्कॅन करा, कागद हाताळायचा तो एकदाच. पाठीमागे काळा कागद ठेवा, म्हणजे मागच्या पानाची छपाई वर उमटत नाही. काळ्या-पांढऱ्या पट्टीला 600 डीपीआय (इंचाला 600 ठिपके), ग्रेस्केल (करड्या छटांसह). ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हा पर्याय निवडू नका. बारीक रेघा तुटतात. टिफ किंवा पीएनजीमध्ये साठवा, जेपेगमध्ये रेघांभोवती धूळ उठते. वहीतून कात्रण सुटत नसेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, फोन कागदाला अगदी समांतर धरून फोटो काढा.

मूळ कात्रणं पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत, एकेक सुटी. उग्र वास येणारे मऊ पीव्हीसी फोल्डर शाई ओढून घेतात. तारीख आणि वर्तमानपत्राचं नाव पाकिटात ठेवलेल्या वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका. तिथे दमट होतं आणि कसर लागते.

प्रश्न: पन्नाशी उलटल्यावर ‘पीनट्स’ पहिल्यांदाच हातात घेतलं. पहिला खंड निम्मा वाचला, काहीच वाटलं नाही. सोडून देऊ?
एक वाचिका, पलासिया

उत्तर: सोडू नका, खंड बदला. चार्ल्स शुल्झ यांनी 2 ऑक्टोबर 1950 पासून जवळजवळ पन्नास वर्षांत ‘पीनट्स’च्या 17,897 पट्ट्या काढल्या, एकट्यानं, अक्षरंसुद्धा स्वतःच्या हातानं. सुरुवातीची वर्षं त्यांची जुळवाजुळव चालू होती: स्नूपी चार पायांवर चालणारा साधा कुत्रा आहे, काही पात्रं पुढे मागे पडली, चेहरे वेगळे आहेत. जुने वाचक पहिला खंड प्रेमानं वाचतात, कारण पुढचं त्यांना माहीत असतं. नव्या वाचकानं साठच्या दशकापासून सुरू करावं. सकाळी तीन, रात्री तीन, यापेक्षा जास्त नाही. रविवारची मोठी पट्टी आली की त्या वेळी तेवढी एकच.